कवडूजींचं करंजतेल

लग्नाच्या पंगतीत बाकीचे लोक ताटाकडे बघत, कवडूजी कढईकडे बघत. जेवण उरकलं की ते मंडपामागे आचाऱ्यापाशी जाऊन उभे राहायचे, कढईतल्या कोमट तेलात करंगळी बुडवायचे, अंगठ्यावर घासायचे, नाकाशी न्यायचे आणि विचारायचे, "आता ह्या तेलाचं काय करता, भाऊ?" आचाऱ्याला वाटायचं, कुणाचं तरी पोट बिघडलं आणि हा माणूस चौकशीला आला. तो तेल ताजं असल्याच्या शपथा घेऊ लागायचा. मग बेबीबाई, म्हणजे कवडूजींची बायको, पदर सावरत लगबगीने तिथे जायच्या आणि म्हणायच्या, "काई नाई, बाप्पा. त्यायले इंजिनात टाकाले पाह्यजे." ह्यावर आचाऱ्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी चार-पाच लग्नांत तरी पाहिलं आहे.

तेल म्हणून जे काही दिसेल त्याला हा माणूस हात लावणारच. सायकलच्या दुकानातलं जळकं ऑइल, माझ्या मुलीच्या डोक्याचं खोबरेल, गुडघ्यांना चोळायचं औषधी तेल, सगळ्यांचा वास घेऊन झाला की एकच प्रश्न, "जळते काय हे?" मी एकदा वैतागून म्हटलं, "मामाजी, जळते तर सारंच. मी बी जळूनच राह्यली." ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "जळनं येगळं अन् इंजिन ओढनं येगळं, सूनबाई."

मामाजी म्हणत असले तरी ते माझे सासरे नव्हते. माझे सासरे आणि कवडूजी विहिरीचे भागीदार. सेलूहून केळझरकडे जाताना आत वळलं की नाला लागतो. नाल्यापलीकडे आमची दोन वावरं एकमेकांना लागून आहेत आणि विहीर नेमकी मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. विहीर अर्धी त्यांची, अर्धी आमची. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन, तेही अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. तीन दिवस पाण्याची पाळी त्यांची, तीन दिवस आमची, सातव्या दिवशी इंजिनाला सुट्टी. आपल्या पाळीचं डिझेल आपण आणायचं, दुरुस्ती मात्र दोघांत. सासरे वारले, नवरा बुटीबोरीला कंपनीत, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच परत येतो. त्यामुळे वावर माझ्या अंगावर पडलं आणि वावराबरोबर अर्धं इंजिन आणि अख्खे कवडूजी आले.

नाल्यापलीकडे विजेचे खांब काही आले नाहीत. अर्ज झाले, मोजणी झाली, खांब तेवढे राहिले. म्हणजे गहू-चणा घ्यायचा तर डिझेल जाळण्याला इलाज नव्हता, आणि डिझेलच्या भावाबद्दल मी वेगळं सांगायला नको. तेव्हा स्वस्त जळण शोधावं असं एखाद्याला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. माझी तक्रार एवढीच होती की प्रयोग ह्यांचे आणि त्यात अर्धं इंजिन माझं.

कवडूजी पूर्णवेळ शेतकरी फार उशिरा झाले. त्याआधी तीस वर्षं ते सेलूच्या एका शाळेत प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, स्टँड मांडायचे, स्पिरिटचे दिवे भरायचे. प्रयोग सर करणार, पोरं करणार, आणि फुटलेल्या काचा कवडूजी वेचणार. "तीस वर्षं मी लोकायचे प्रयोग धुतले, सूनबाई," ते म्हणायचे. "आता मले एक प्रयोग माह्या हातचा पाह्यजे. एकच. पन बरोबर निंगाला पाह्यजे." निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-नारळ दिला. त्यांनी तोंडाने मागून आणलं ते काठाचा टवका उडालेलं काचेचं एक मोजपात्र. डिझेलपेक्षा स्वस्त जळणावर इंजिन चालवून दाखवायचं, हा तो एक प्रयोग ठरला. ह्या एका गोष्टीवर त्यांचा सगळा जीव होता, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते माझ्या मनातून जात नाही.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सासऱ्यांचा डबा घेऊन मी पहिल्यांदा वावरात गेले, हातात अजून हिरवा चुडा होता, तर इंजिनाजवळ उकिडवा बसलेला एक किडकिडीत माणूस मान वर न करता म्हणाला, "महादेवभाऊची सून काय तू? बरं झालं आली. हे घड्याळ धर. बारीक काटा बारावर आला का सांगजो." मोजपात्र त्यांनी इंजिनाच्या वर तारेने टांगलं होतं आणि त्यातून नळी थेट इंजिनात सोडली होती. ठरावीक खुणेपर्यंत तेल भरायचं आणि ते किती मिनिटांत संपतं ते बघायचं. मी धुरात उभी राहून काटा बघत होते, आणि सासरे डब्याची वाट बघत तिकडे बाभळीखाली बसले होते. पुढच्या चौदा वर्षांत हे घड्याळ माझ्या हातून सुटलं नाही. फक्त घड्याळाच्या जागी मोबाइल आला.

पहिला नंबर लागला रॉकेलचा. तेव्हा ते रेशनवर मिळत होतं. निम्मं डिझेल, निम्मं रॉकेल. "इंजिनाले जीभ नसते, सूनबाई. त्याले काय समजते, काय पेऊन राह्यलो?" इंजिनाला जीभ नसेल, आवाज होता. ते खडखडायला लागलं, मग ठोके चुकवायला लागलं, आणि तिसऱ्या आठवड्यात बसलं. सेलूहून रज्जाकभाई मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाला तेल पुरवणारा पंप उघडला, बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "चाचा, रॉकेल सुकं राह्यते. चिकनाई नाई तर पंप घासन नाई तं काय होईन?" कवडूजींनी मान हलवली, खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हे समजलं हे बरं झालं." माझा चणा पाण्यावाचून सुकत होता आणि ह्यांना काहीतरी समजलं होतं.

नंतर आलं भज्यांचं तेल. सेलूच्या बसस्टँडवरच्या गाड्यांवरून हे रोज डबा भरून आणायचे आणि बेबीबाईंच्या जुन्या लुगड्यातून गाळायचे. इंजिन चालायचं, ते खोटं नाही. पण अख्ख्या शिवारात मिरचीभज्यांचा वास. निंदायला आलेल्या बाया दर थोड्या वेळाने मान वर करून विचारायच्या, "कोनाकडे काई हाये काय व आज?" दुपारच्या सुट्टीआधीच त्यांना भूक लागायची आणि काम मागे पडायचं. महिन्याभरात नोझलमध्ये जळकं बेसन अडकलं. शिवाय तेल पुरेना, कारण गाडीवाले तेल टाकतच नाहीत, संपेपर्यंत तळत राहतात. ह्याचं कवडूजींना मनापासून वाईट वाटलं. "लोकायची तब्येत खराब होते त्यानं," ते म्हणाले. इंजिनाच्या तब्येतीबद्दल काही बोलले नाहीत.

मग गोबरगॅस. घरामागे खड्डा खणला, टाकी बसवली, आणि गॅस ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये भरून वावरात न्यायला सुरुवात केली. फुगलेली काळी ट्यूब डोक्यावर घेऊन नाला ओलांडणारा हा माणूस पाहून रस्त्याने जाणारे मोटारसायकली थांबवत. इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी ट्यूबची नळी लावली की डिझेल निम्म्याहून कमी लागायचं. हे मी स्वतः घड्याळ धरून पाहिलं आहे, नाही कशाला म्हणू? पण दोन बैल आणि एका गाईच्या शेणात पाऊण-एक तासाचा गॅस. तेव्हा कवडूजींचा डोळा माझ्या गोठ्यावर गेला. "सूनबाई, तुह्या गाईचं शेन कोनाले देऊ नको हं." माझं अंगण सारवायचं राहायला लागलं. शेवटी बेबीबाईंनीच निकाल लावला. त्यांनी टाकीची नळी काढून स्वयंपाकघरातल्या शेगडीला जोडली. "चहा चुलीवर होते, इंजिन चुलीवर होते काय?" असं कवडूजी म्हणाले, तर बेबीबाई म्हणाल्या, "मंग चुलीपाशी तुमी बसजा." ते बसले नाहीत.

ह्यानंतर करंज. आमच्या नाल्याच्या काठाने करंजाची आठ-दहा मोठी झाडं आहेत, कुणाच्या मालकीची नाहीत. उन्हाळ्यात शेंगा पडतात, पायाखाली तुडवल्या जातात. एका चैत्रात कवडूजी एक शेंग फोडून बी चुरडत माझ्या दारात उभे राहिले. मी ते तोंड ओळखलं आणि म्हटलं, "नाई, मामाजी." ते म्हणाले, "तुह्या स्लॅबवर फक्त वाळवाच्या हायेत." गावाच्या त्या टोकाला सिमेंटचा स्लॅब आमचाच. दोन महिने मला वर पापड टाकता आले नाहीत. शेंगा बेबीबाई आणि मी फोडल्या, नखांना काळे डाग पडले, आणि पोती वर्ध्याच्या एका घाणीवाल्याकडे गेली. त्याने तेल गाळलं, पण सगळ्यांत शेवटी, कारण हे कडू तेल घाणीला लागलं की पुढचं तेल बाटतं. "फुकटाचं जळन हाये," असं कवडूजी येईल त्याला सांगत सुटले. फुकट म्हणजे बेबीबाईंची आणि माझी मजुरी त्यांनी धरलीच नव्हती. हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं आणि तरी फुकटच म्हणत राहिले.

पण ह्या वेळी त्यांनी घाई केली नाही. पूर्ण पावसाळा ते इंजिनाभोवती बसले. डिझेलच्या टाकीशेजारी रंगाच्या डब्याची दुसरी टाकी टांगली. करंजतेल फार घट्ट, म्हणून तांब्याची नळी सायलेन्सरभोवती गुंडाळून तेल तापवायची सोय केली. दोन टाक्यांच्या मधे एक तोटी. तोटीवर दोन खुणा, डिझेलची पांढरी, करंजाची लाल. इंजिन सुरू करायचं डिझेलवर. तापलं की तोटी लाल खुणेवर. आणि बंद करायच्या आधी तोटी परत पांढऱ्या खुणेवर आणून दहा मिनिटं डिझेलवर चालवायचं, म्हणजे नळी, पंप, नोझल सगळं धुऊन निघतं. "गरम हाये तवरिक हे तेल पान्यावानी. थंडं झालं का गोंद. दहा मिनिटं डिझेल, मंग बंद. समजलं?" हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल ह्याला गणती नाही. मी ओट्यावर पोळ्या लाटत असले तरी खिडकीतून आवाज यायचा, "दहा मिनिटं, सूनबाई!"

आणि चाललं. एक अख्खा हिवाळा इंजिन करंजावर चाललं. डिझेलपेक्षा तेल थोडं जास्त पीत होतं, पण ठोका एकसारखा. हंगाम संपल्यावर रज्जाकभाईंनी हेड खोललं, काजळी खरवडली, आतून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "जमलं, चाचा." कवडूजींनी त्यांना तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. पुढच्या पावसाळ्यात अल्लीपूरहून दोन शेतकरी मोटारसायकलवर हे बघायला आले. कवडूजी धुतलेला सदरा घालून त्यांना तोटीच्या खुणा दाखवत होते. ते गेल्यावर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, त्यानं मले सर म्हनलं." मी म्हटलं, "म्हनन नाई तं काय?" तेवढं बोलून मी गोठ्यात गेले, कारण मला भरून आलं होतं आणि ह्या माणसासमोर ते दाखवायची माझी इच्छा नव्हती.

त्या दहा मिनिटांबद्दल एक सांगायला हवं. पाळी संपत येते तेव्हा आपलं वावर भिजून झालेलं असतं. मग त्या शेवटच्या दहा मिनिटांच्या डिझेलचं पाणी जाणार कुठे? ते धुऱ्यापलीकडे, दुसऱ्याच्या वावरात सोडायचं. कवडूजी त्यांच्या पाळीच्या शेवटी पाणी माझ्याकडे वळवायचे. मी ते घेत आले, कधी त्याचा विचारही केला नाही. माझ्या पाळीला मात्र ते मला दिसायचं. डिझेल माझं आणि भिजणार कवडूजींचा गहू.

करंजाचा दुसरा हिवाळा. गहू निसवत होता, म्हणजे ओंब्या बाहेर पडत होत्या, आणि ह्या वेळी पाणी चुकलं की दाणा भरत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या पाळीचा तिसरा दिवस. सकाळीच कवडूजींनी दोन बायांसमोर मला तोटी कशी फिरवायची ते पुन्हा शिकवलं होतं आणि मग ते एका सोयऱ्याकडे वर्ध्याला निघून गेले होते. दुपार कलली, पाणी शेवटच्या वाफ्याला पोहोचलं. माझे पाय गार चिखलात बधिर झाले होते. आता धुरा फोडायचा, पाणी त्यांच्याकडे सोडायचं, तोटी फिरवायची आणि दहा मिनिटं उभं राहायचं. मला वैताग आला. खरं सांगायचं तर वैतागापेक्षाही हलकी गोष्ट मनात आली. माझं डिझेल मी त्यांच्या गव्हाला का घालू? एका दिवसाने काय होतं? मी गेले आणि इंजिन सरळ बंद केलं, तोटी लाल खुणेवर असतानाच.

दुसरा दिवस सुट्टीचा. मला आतून टोचायला लागलं म्हणून मी विहिरीवर गेले आणि तोटी पांढऱ्या खुणेवर करून ठेवली. तोटी फिरवल्याने नळीत थिजलेलं तेल काही मागे जाणार नव्हतं, पण मला तेवढ्याने बरं वाटलं आणि मी घरी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कवडूजींची पाळी. मी माझ्या वावरात होते. हॅन्डल फिरवल्याचा आवाज येत होता, ठोका येत नव्हता. पुन्हा हॅन्डल, पुन्हा काही नाही. मी गेले तेव्हा ते घामाघूम झाले होते आणि बेबीबाई पंपावर गरम पाणी ओतत होत्या. कवडूजींनी आधी तोटीकडे पाहिलं. ती पांढऱ्या खुणेवर होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सूनबाई, दहा मिनिटं डिझेलवर घेतलं होतं ना?"

मी म्हटलं, "हाव."

एवढंच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरा काही विचारही केला नाही. रज्जाकभाईंनी पंप सोडवला तर आतला दांडा गोंदात बसावा तसा अडकलेला. तो काढताना तुटला. एवढ्या जुन्या इंजिनाचा भाग ना सेलूत मिळाला, ना वर्ध्यात. नागपुरातून यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ऊन तापलं आणि वारा सुटला. माझा गहू पाणी पिऊन उभा होता. धुऱ्यापलीकडचा पिवळा पडत गेला. मी रोज तो बघत होते. रोज ठरवत होते की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी तोंड बंद ठेवून घरी येत होते. कवडूजींच्या गव्हाचा दाणा सुकून बारीक पडला, दळून आणला तर पिठापेक्षा कोंडा जास्त.

बेबीबाईंनी भर रस्त्यात उभ्या राहून सांगितलं की ह्या घरात आता एक तर करंज राहील नाही तर मी. गावातली पोरं मोटारसायकलला किक मारताना ओरडायची, "करंज टाक बे!" हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. अल्लीपूरच्या त्या दोघांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "नोका करू, भाऊ," ते त्यांना म्हणाले. "खोटं निंगालं ते. सारं नेमानं केलं तरी जाम झालं. तेलातच दोष हाये." उरलेलं तेल त्यांनी फवारणीसाठी वाटून टाकलं. आणि एके दिवशी ते मोजपात्र स्वच्छ धुऊन माझ्या हातात दिलं. "तुले औषध मोजाले होईन." मी ते घेतलं. काय म्हणून नाकारणार होते? त्यानंतर जेव्हा जेव्हा फवारणीचं औषध मोजलं तेव्हा तेव्हा मला माझीच चीड आली.

अशी दोन वर्षं गेली. इंजिन नवा भाग बसवून पुन्हा डिझेलवर चालत होतं, पण कुरकुरत. कवडूजी लग्नांना जात, जेवत आणि हात धुऊन घरी येत. कढईकडे फिरकत नसत. खिडकीतून हाक येणं बंद झालं. मला हव्या त्या शांततेत पोळ्या लाटता येत होत्या आणि ती शांतता मला सहन होत नव्हती.

मग आमचा सौरपंप मंजूर झाला. धुऱ्यावर पत्रे उभे राहिले, विहिरीत पंप उतरला, विहीर दोघांची म्हणून पाण्याची पाळीही दोघांची. इंजिन भंगारात द्यायचं ठरलं. सेलूहून एक जण टेम्पो घेऊन आला, चौघांनी मिळून इंजिन वर चढवलं. कवडूजी आले, टेम्पोच्या फाळक्याला हात लावून उभे राहिले आणि कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "बिचाऱ्याले माह्या तेलानं मारलं."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, तेलानं नाई. मी मारलं."

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. पाणी शेवटच्या वाफ्याला आलं होतं इथपासून, धुरा फोडायचा कंटाळा, माझं डिझेल तुमच्या गव्हाला का असं वाटलं ते, नंतर जाऊन फिरवलेली तोटी, आणि तो "हाव". बोलताना मी टेम्पोच्या चाकाकडे बघत होते. बेबीबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. टेम्पोवाला तंबाखू मळायचा थांबला.

"डिझेलवर घेतलंच नाई?" कवडूजींनी विचारलं.

"नाई."

"तेलावरच बंद केलं? सीधं?"

"हाव, मामाजी."

"अन् मंग दोन रात्री तसंच थंडीत राह्यलं."

"हाव."

आता शिव्या येतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या मला हव्याच होत्या. कवडूजी खाली धुऱ्यावर बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात ते काहीतरी जुळवून पाहत होते. मग त्यांनी मान वर केली तर डोळे पाण्याने भरलेले आणि तोंड हसरं.

"म्हनजे तेल बरोबर होतं!"

मी काहीतरी माफीचं बोलायला गेले. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. "अवं, ऐकलं काय?" ते बायकोला म्हणाले. "तेल बरोबर होतं! असं बंद केलं तं जाम होनारच. मी सांगतच होतो, दहा मिनिटं! माह्यं बरोबर होतं!" आणि ते उठून टेम्पोवाल्याच्या अंगावर धावले. "उतरव रे ते. उतरव पह्यले. इकाचं नाई ते." त्यांनी आपल्या गव्हाबद्दल, पोरांच्या चिडवण्याबद्दल, दोन वर्षांबद्दल मला एक शब्द विचारला नाही. बेबीबाईंनी विचारलं. मग तीन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते मला योग्यच वाटलं.

पुढचा हिवाळा हा त्यांचा शेवटचा ठरला, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात जे चाललं होतं ते बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं. उन्हावर चालणारा, थेंबभर तेल न पिणारा पंप विहिरीवर तयार, आणि हा माणूस आपल्या पाळीला तो बंद करून शेजारी करंजतेलावर इंजिन फटफटवत बसलेला! माझ्या स्लॅबवर पुन्हा शेंगा. माझ्या नखांना पुन्हा काळे डाग. मी म्हटलं, "मामाजी, ऊन फुकट हाये, मंग हे कायले?" तर म्हणाले, "ऊन कोनीबी जाळन. त्यात माह्यं काय?"

आणि ह्यावर कडी म्हणजे दर पाळीच्या शेवटी ते इंजिन स्वतः बंद करत नसत. मला हाक मारत. मी कामात असले, पाय चिखलात असले, तरी "सूनबाई, ये व, बंद कराची येळ झाली!" मी धुसफुसत जायची, तोटी फिरवायची, दहा मिनिटं उभी राहायची आणि इंजिन बंद करायची. एकदा मात्र मी फणकारून म्हटलं, "काऊन, मामाजी? तुमाले येत नाई काय बंद करता? का मले शिक्षा करून राह्यले?"

ते खरोखर गोंधळले. शिक्षा हा शब्द त्यांच्या डोक्यातही आला नसावा.

"शिक्षा कायची? मी आता म्हातारा झालो, एखांद्या दिवशी इसरून जाईन," ते म्हणाले. "तू नाई इसरनार. साऱ्या गावात आता तूच एक हायेस, जे हे कधीच इसरनार नाई."